शब्द कोणाचे? : हेलन केलर यांच्या आत्मपर लेखनाचा विचार

१

हेलन केलर (१८८०–१९६८) हे नाव भारतीय वाचकाला बहुधा शालेय क्रमिक पुस्तकात प्रथम भेटते आणि बहुधा तेथेच राहून जाते. एकोणीस महिन्यांची असताना आजारात दृष्टी आणि श्रवण दोन्ही गमावलेली मुलगी, तिला वळण लावणारी करारी शिक्षिका, हातपंपाची धार आणि तळहातावर उमटलेला पहिला शब्द, एवढ्या तपशिलांत ही कथा आटोपते. पुढे उरते ते तात्पर्य : जिद्द असेल तर माणसाला काहीही अशक्य नाही. तात्पर्य हाती आले की त्या व्यक्तीची फारशी गरज उरत नाही. हातपंपाजवळ उभ्या असलेल्या मुलीला तेव्हा सात वर्षेही पूर्ण झाली नव्हती आणि त्या प्रसंगानंतर केलर ८१ वर्षे जगल्या, लिहीत राहिल्या, वाद घालीत राहिल्या, चुकल्याही, याची दखल या कथेत नसते.

या कथेचे मूळ मात्र केलर यांच्याच लेखनात आहे. 'द स्टोरी ऑफ माय लाइफ' (१९०३), 'द वर्ल्ड आय लिव्ह इन' (१९०८), 'मिडस्ट्रीम' (१९२९) आणि 'टीचर' (१९५५) या पुस्तकांतून त्यांनी आपले आयुष्य पुन:पुन्हा सांगितले. दर वेळी ते थोडे वेगळे सांगितले गेले. त्यांचे चरित्र हे मुळात असे अनेकवार लिहिलेले आणि दुरुस्त केलेले लेखन आहे. म्हणून त्यांच्याकडे केवळ प्रेरणास्थान म्हणून पाहणे अपुरे ठरते; लेखिका म्हणून त्यांचा विचार होणे अगत्याचे आहे. हा विचार सुरू झाला की एक प्रश्न आरंभीच पुढे येतो. तो केलर यांना अकराव्या वर्षापासून विचारला गेला आणि त्यांच्या मृत्यूनंतरही संपला नाही : हे शब्द कोणाचे?

२

'द स्टोरी ऑफ माय लाइफ' प्रसिद्ध झाले तेव्हा केलर रॅडक्लिफ महाविद्यालयात शिकत होत्या; पदवी त्यांना १९०४ साली मिळाली. मजकूर आधी, १९०२ साली, 'लेडीज होम जर्नल' या मासिकातून क्रमशः आला. त्याचे मूळ महाविद्यालयातील निबंधलेखनात होते. चार्ल्स टाउनसेंड कोपलँड या प्राध्यापकांच्या वर्गात आपली एक उणीव केलर यांच्या ध्यानात आली आणि त्यांनी ती एका पत्रात कोपलँड यांच्यापाशी मोकळेपणाने मान्य केली. इतरांचे अनुभव आणि इतरांची निरीक्षणे आपण आजवर सहजपणे आपली मानीत आलो, स्वतःच्या वाट्याला आलेले अनुभव लिहिण्याजोगे असतील हे मनातच आले नाही, यापुढे आपण स्वतःचेच लिहू, असा त्या पत्राचा आशय आहे. केलर यांच्या साऱ्या लेखनाची किल्ली या कबुलीत सापडते.

मूळ पुस्तकाची रचनाही लक्षात घेण्याजोगी आहे. त्याचे तीन भाग आहेत. पहिल्या भागात केलर यांचे आत्मकथन येते. दुसऱ्यात १८८७ ते १९०१ या काळातील त्यांची पत्रे येतात. तिसऱ्यात संपादक जॉन मेसी यांचे विवेचन आणि शिक्षिका ॲन सलिव्हन यांच्या पत्रांतील व अहवालांतील उतारे येतात. पुढे निघालेल्या अनेक सुटसुटीत आवृत्त्यांतून दुसरा आणि तिसरा भाग गळाले. त्यामुळे एक मोठी हानी झाली. मूळ ग्रंथात एकच आयुष्य तीन आवाजांत सांगितलेले होते आणि हे आवाज एकमेकांशी सर्वत्र जुळत नव्हते. संक्षेपात एकच आवाज उरला आणि ग्रंथाला वाटही न पाहता बोधकथेचे रूप आले. २००३ साली रॉजर शॅटक आणि डोरोथी हेरमन यांनी मूळ सामग्रीची नव्याने मांडणी करून आवृत्ती सिद्ध केली, तेव्हा हा बहुस्वरी ग्रंथ पुन्हा वाचकांपुढे आला.

पहिला भाग वाङ्मयीन दृष्ट्या निर्दोष नाही. आरंभीच बालपणाला वेढणाऱ्या सोनेरी धुक्याची प्रतिमा येते. बागेतील वेली, फुले, प्रकाश यांची वर्णने एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी गद्याच्या ठरीव वळणाने जातात. वाचलेल्या पुस्तकांची छाया वाक्यावाक्यावर आहे. पण मधूनच एखादा तपशील या अलंकृत गद्याला छेद देऊन वर येतो. पाव हवा असला की पाव कापून त्याला लोणी लावल्याचा अभिनय करायचा. आइस्क्रीम हवे असले की यंत्र फिरवल्याची खूण करून थंडीने कुडकुडायचे. स्वयंपाकिणीची मुलगी मार्था वॉशिंग्टन हिला या खुणा कळत आणि तिच्याकडून हवे ते करून घेणे हेलनला फारसे जड जात नसे. ही मार्था कृष्णवर्णीय होती. हेलनचे वडील गुलामगिरीच्या बाजूने लढलेल्या दक्षिणेच्या सैन्यातील माजी कॅप्टन होते. हेलनशी खुणांनी बोलणारी ही पहिली सवंगडीण दंतकथेत कोठेच नाही. आत्मकथनात ती आहे आणि तिच्यावर आपण कशी हुकमत चालवीत होतो हेही केलर यांनी लपवलेले नाही. शब्द येण्यापूर्वीच्या त्या घरात इच्छा होती, लबाडी होती, सत्ता होती, संवादही होता. ही नोंद ध्यानात ठेवणे पुढील विवेचनासाठी आवश्यक आहे.

३

५ एप्रिल १८८७ रोजी टस्कंबिया येथे हातपंपाजवळ घडलेला प्रसंग या कथेचा कळस मानला जातो. त्याची दोन कथने मूळ ग्रंथातच आहेत. ती शेजारी ठेवून वाचली तर बरेच काही दिसू लागते.

सलिव्हन यांनी त्याच दिवशी लिहिलेल्या पत्रातील कथन असे आहे. हेलनच्या मनात 'मग' आणि 'दूध' या दोन शब्दांचा घोटाळा होता. सकाळी तोंड धुताना तिने पाण्याचे नाव विचारले. तेव्हा सलिव्हन यांना वाटले, या नव्या शब्दाच्या साह्याने घोटाळा सोडवता येईल. न्याहारीनंतर दोघी पंपाकडे गेल्या. सलिव्हन यांनी पंप चालवला, हेलनच्या हातात मग होता, दुसऱ्या तळहातावर त्यांनी अक्षरे काढली. मग हातातून पडला, मुलगी खिळल्यासारखी उभी राहिली. मग तिने जमिनीचे नाव विचारले, पंपाचे विचारले आणि एकाएकी वळून खुद्द शिक्षिकेचे नाव विचारले. काही तासांत तिच्या शब्दसंग्रहात तीस नव्या शब्दांची भर पडली.

केलर यांच्या कथनात तोच दिवस आहे, पण प्रसंगाची घडण निराळी आहे. येथे सकाळी भांडण होते. चिडलेली मुलगी नवी बाहुली जमिनीवर आपटून फोडते आणि तिला त्याचे दुःख होत नाही. शिक्षिका तुकडे झाडून बाजूला करते. दोघी बाहेर पडतात त्या मधुमालतीसारख्या एका वेलीच्या सुगंधाच्या ओढीने. पंप कोणी तरी चालवीत असते. मग येथे नाही. रिकामा हात धारेखाली धरला जातो. शब्द उमगतो तो नवी गोष्ट कळल्यासारखा नव्हे, विसरलेले काही परत आल्यासारखा. आजारापूर्वी पाण्यासाठी शिकलेला एक बोबडा उच्चार पुढेही आपल्यापाशी टिकून राहिला होता, असे केलर यांनी आधीच्या प्रकरणात सांगितलेले आहे. घरी परतल्यावर मुलीला फुटलेली बाहुली आठवते, ती तुकडे जोडू पाहते, ते जोडले जात नाहीत आणि तिला आयुष्यात प्रथमच पश्चात्ताप होतो.

यांपैकी खरे कोणते, हा प्रश्न चरित्रकाराचा आहे. समीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते दोन्ही कथनांतील निवडीचे तत्त्व. शिक्षिका एका अध्यापनविषयक अडचणीची उकल सांगते आणि शेवटी शब्द मोजते. विद्यार्थिनी अपराधाची आणि पश्चात्तापाची गोष्ट सांगते. सलिव्हन यांच्या कथनात शब्द मिळाल्याने वस्तूला नाव मिळते. केलर यांच्या कथनात शब्द मिळाल्याने केलेल्या कृतीची जबाबदारी मिळते. फुटलेली बाहुली शब्दाने जुळत नाही, हे केलर यांच्या कथनातील सर्वांत प्रामाणिक निरीक्षण आहे. भाषेने जग उजळले असे म्हणणाऱ्या असंख्य लेखकांपेक्षा भाषेबरोबर दुःखही आले असे म्हणणाऱ्या केलर अधिक खोलवर गेलेल्या दिसतात. विल्यम गिब्सन यांच्या 'द मिरॅकल वर्कर' या नाटकाने आणि त्यावरील १९६२ सालच्या चित्रपटाने पंपाची धार जगभर पोहोचवली. बाहुलीचा हा पश्चात्ताप मात्र लोकस्मृतीत उतरला नाही.

४

'हे शब्द कोणाचे?' हा प्रश्न पहिल्यांदा उघडपणे विचारला गेला तो 'द फ्रॉस्ट किंग' या छोट्या कथेच्या निमित्ताने. १८९१ च्या शरदात हेलनने ही कथा लिहिली आणि बोस्टनच्या पर्किन्स अंधशाळेचे संचालक मायकेल ॲनाग्नोस यांना वाढदिवसाची भेट म्हणून पाठवली. त्यांनी ती कौतुकाने छापली. लवकरच लक्षात आले की मार्गारेट कॅनबी यांच्या 'द फ्रॉस्ट फेअरीज' या कथेशी तिचे साम्य केवळ योगायोगाचे नाही. १८८८ च्या उन्हाळ्यात ती गोष्ट हेलनला हस्तवर्णमालेतून वाचून दाखवली गेली होती, असे पुढे निष्पन्न झाले. वाचून दाखवल्याची आठवण हेलनला उरली नव्हती, शब्द उरले होते. पर्किन्समध्ये चौकशी समिती बसली. शिक्षिकेला खोलीबाहेर जाण्यास सांगण्यात आले आणि अकरा वर्षांच्या मुलीची उलटतपासणी झाली. समितीची मते समसमान पडली. ॲनाग्नोस यांनी तेव्हा तिच्या बाजूने कौल दिला, पण पुढे त्यांचे मन फिरले. खुद्द कॅनबी यांनी मात्र हेलनविषयी अत्यंत उदारपणे लिहिले.

या प्रसंगाचा परिणाम केलर यांनी स्वतः नोंदवला आहे. आईला साधे पत्र लिहितानाही हे वाक्य आपले की वाचलेले, या शंकेने त्या थरकापत; एकेक वाक्य बोटांवर पुन:पुन्हा उच्चारून पाहत. लिहिण्याचा निर्भेळ आनंद गेला तो गेला. १९०३ साली ही हकिकत वाचून मार्क ट्वेन यांनी त्यांना संतापाने पत्र लिहिले : माणसाच्या उक्तीचा गाभाच उसना असतो, मौलिकतेची बढाई सगळ्यांनीच सोडावी, असा त्याचा आशय होता. ट्वेन यांचे म्हणणे खरे असले तरी पूर्ण नाही. सामान्य माणसाच्या बाबतीत उसनवारी झाकली जाते, कारण त्याला भाषा हजार वाटांनी मिळालेली असते आणि त्या वाटा मोजणारे कोणी नसते. हेलनची प्रत्येक वाट कोणाच्या तरी बोटांतून गेलेली होती. म्हणून तिच्या शब्दांचा हिशेब मागता आला. तिच्यावरचा आरोप सर्वांनाच लागू होता, चौकशी मात्र तिचीच झाली.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर होता आणि तो दृष्टिहीन अभ्यासकांकडूनच आला. फ्रान्समधील पिएर व्हिले यांनी आणि १९३३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात अमेरिकन मानसशास्त्रज्ञ टॉमस कट्सफर्थ यांनी म्हटले की केलर यांच्या लेखनातील रंग, प्रकाश, क्षितिज हे शब्द अनुभवाने भरलेले नाहीत. डोळस जगाने दिलेली ही शब्दसंपत्ती पोकळ आहे. कट्सफर्थ यांचा रोख व्यक्तीपेक्षा शिक्षणपद्धतीवर होता. दृष्टिहीन मुलाला त्याचे स्वतःचे स्पर्शविश्व सोडून उसन्या दृश्य-विश्वात राहायला शिकवणे ही त्याची हानी आहे, हे त्यांचे प्रतिपादन आजही टाळण्याजोगे नाही.

भारतीय वाचकाला या वादात एक ओळखीचा सूर ऐकू येईल. सूरदासांच्या पदांतील कृष्णाचे रूपवर्णन इतके डोळस आहे की ते जन्मांध असणे शक्य नाही, असा तर्क विद्वानांनी केलेलाच आहे. म्हणजे तेथेही कवितेवरून कवीच्या डोळ्यांची परीक्षा झाली. पण एक फरक आहे. सूरदासांच्या परंपरेत रूपाची भाषा ही कोणा एकाच्या डोळ्यांची मालमत्ता नव्हती. ती भक्तांच्या पिढ्यांनी घडवलेली, सर्वांना खुली असलेली भाषा होती आणि तिच्यात प्रवेश करण्यासाठी पाहिल्याचा दाखला कोणी मागत नव्हते. 'अनुभव' हा खाजगी ठेवा आणि लेखक हा त्याचा एकमेव मालक, या आधुनिक समजुतीने केलर यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. ज्ञानाशिवाय शब्द आणि शब्दाशिवाय ज्ञान वेगळे काढता येत नाही, असे मानणाऱ्या भर्तृहरीच्या 'वाक्यपदीया'च्या बाजूने पाहिले, तर केलर यांची स्थिती अपवादात्मक ठरत नाही. सर्व भाषिक प्राण्यांची जी स्थिती, तीच त्यांच्या ठिकाणी अधिक उघडी पडलेली दिसते.

५

या आक्षेपांना केलर यांनी दिलेले खरे उत्तर म्हणजे 'द वर्ल्ड आय लिव्ह इन' हे पुस्तक. वाङ्मयीन गुणवत्तेच्या दृष्टीने हेच त्यांचे सर्वश्रेष्ठ पुस्तक मानावे लागेल. येथे कथा मागे पडते आणि संवेदनांचा शोध पुढे येतो. हात, कंपने, गंध, स्वप्ने असे एकेक विषय घेऊन त्या लिहितात आणि कोपलँड यांना दिलेले वचन पाळतात.

हातांवरील प्रकरणे याचा उत्तम नमुना आहेत. डोळस माणूस चेहऱ्यावरून जे वाचतो ते केलर हस्तांदोलनातून वाचतात. ट्वेन यांच्या हातातच त्यांना विनोद आणि लहर जाणवते. गंधाला त्या इंद्रियांमधील पदच्युत देवदूत मानतात आणि त्याची प्रतिष्ठा त्याला परत मिळवून देतात. माणसाच्या कपड्यांना चिकटलेल्या लाकडाच्या, लोखंडाच्या, रंगाच्या, औषधांच्या वासावरून त्याचा व्यवसाय ओळखता येतो. वादळ दिसण्याच्या कितीतरी आधी त्याचा वास येतो. जमिनीच्या लाकडी तक्त्यांतून पायांना पोहोचणारी कंपने कोण चालत आहे आणि कोणत्या मनःस्थितीत चालत आहे हे सांगतात. या गद्यात अलंकार कमी झाले आहेत, क्रियापदे वाढली आहेत. वाचकाला येथे कीव वाटत नाही. आपल्याच इंद्रियांकडे आपले किती दुर्लक्ष झाले होते, याची जाणीव होते. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात शब्दांचा आस्वाद घेण्यासाठी इंद्रियांमध्येच चढाओढ लागते अशी कल्पना आहे. तेथे ती वाणीच्या सामर्थ्याची ग्वाही म्हणून येते. केलर यांच्या गद्यात एका इंद्रियाचे काम दुसऱ्याने करणे ही रोजची वहिवाट आहे.

दृश्य शब्द आपण का वापरतो याचेही उत्तर त्या देतात. भाषा डोळस लोकांनी घडवली आहे. तिच्याबाहेर राहून बोलायला दुसरी जागा नाही. इंद्रियानुभवांमध्ये परस्परांशी जुळणारी नाती असतात आणि त्या नात्यांच्या आधारे न पाहिलेल्या गोष्टींचाही अर्थ मनात उभा राहतो, असा त्यांचा युक्तिवाद आहे. कट्सफर्थ यांच्या आक्षेपाचे हे पूर्ण निरसन नव्हे. परंतु केलर यांनी हा प्रश्न टाळला नाही, तो पंचवीस वर्षे आधीच स्वतःला विचारला होता, एवढे यावरून निश्चित होते.

याच पुस्तकात एक प्रकरण असे आहे, की ज्याचा विचार सावधपणे करावा लागतो. शिक्षिका येण्यापूर्वी आपण आहोत हेच आपल्याला ठाऊक नव्हते. ते जग म्हणजे जगच नव्हते. तेथे इच्छा, विचार, काळ यांपैकी काहीही नव्हते, असे केलर त्यात लिहितात. गद्य म्हणून हे प्रकरण विलक्षण प्रभावी आहे. पण पाच वर्षांपूर्वीच्या आत्मकथनाशी ते जुळत नाही. मार्थाला खुणा करणारी, हट्ट धरणारी, आईला कोठीघरात कोंडून हसणारी मुलगी इच्छाशून्य खचित नव्हती. शब्दाचे माहात्म्य वाढवताना केलर यांनी शब्दपूर्व हेलन पुसून टाकली. हा केवळ अलंकाराचा अतिरेक असता, तर त्याकडे दुर्लक्ष करता आले असते.

६

'द वर्ल्ड आय लिव्ह इन'च्या प्रस्तावनेत केलर यांनी एक तक्रार सौम्य विनोदाने मांडली आहे. इतर लेखकांना विषय बदलण्याची मुभा असते. जकातीविषयी, नैसर्गिक संपत्तीविषयी किंवा ड्रेफ्यूस प्रकरणाविषयी आपले मत मात्र कोणालाच नको असते. लोकांना त्यांच्याकडून फक्त त्यांचीच गोष्ट हवी होती. १९०९ साली त्या समाजवादी पक्षात सामील झाल्या. नवजात अर्भकांच्या डोळ्यांना होणाऱ्या ज्या संसर्गाचे मूळ बहुधा गुप्तरोगात असे, त्याविषयी सभ्य मासिकांतून बोलणे निषिद्ध असताना त्यांनी लिहिले. अंधत्वाचा दारिद्र्याशी आणि कारखान्यांतील परिस्थितीशी असलेला संबंध त्यांनी पुन:पुन्हा मांडला. 'आउट ऑफ द डार्क' (१९१३) या संग्रहात हे लेखन आहे. पूर्वी त्यांची स्तुती करणाऱ्या 'ब्रुकलिन ईगल' या वृत्तपत्राने त्यांच्या राजकीय चुका त्यांच्या शारीरिक मर्यादांतून उद्भवतात असे म्हटले. म्हणजे हे शब्द कोणाचे, हा जुनाच प्रश्न येथे राजकीय वेष धारण करून आला. बोधकथा सांगताना शब्द त्यांचे होते; संपाला पाठिंबा देताना ते दुसऱ्या कोणाचे तरी झाले. १९३३ साली जर्मनीत नाझींनी जाळलेल्या पुस्तकांत केलर यांचेही लेखन होते. या शब्दांचा धनी कोण याविषयी त्या जाळणाऱ्यांच्या मनात तरी शंका नव्हती.

येथवरचे चित्र अन्याय सोसणाऱ्या लेखिकेचे आहे. पण १९१५ साली घडलेली एक गोष्ट या चित्रात सहज बसत नाही. शिकागो येथे गंभीर व्यंगे घेऊन जन्मलेल्या एका अर्भकावर शस्त्रक्रिया करण्यास डॉक्टरने नकार दिला आणि ते अर्भक मरू दिले गेले. देशभर वाद उसळला. केलर यांनी 'द न्यू रिपब्लिक' या नियतकालिकात पत्र लिहून डॉक्टरची बाजू घेतली आणि अशा बालकांच्या जगण्याचा निर्णय तज्ज्ञ डॉक्टरांच्या पंचमंडळाने करावा असे सुचवले. त्या काळी सुप्रजननवादी विचार अनेक पुरोगाम्यांनी स्वीकारले होते हे खरे. तरीही केलर यांच्या नावाखाली हे वाचताना वाचक थबकतो. अकराव्या वर्षी ज्या मुलीला एका खोलीत एकटीला उभे करून तिच्या मनाचा खरेखोटेपणा ठरवण्यासाठी समिती बसली होती, तीच येथे दुसऱ्या एका जिवासाठी समिती बसवू पाहते.

केलर यांच्या चाहत्यांनी ही गोष्ट बहुधा टाळली आहे. टीकाकारांनी ती स्वतंत्र स्खलन म्हणून मांडली आहे. पण त्यांचे लेखन सलग वाचले, तर ती तुटक वाटत नाही. बुद्धी जागी होण्याची शक्यता नसेल तर ते जीवन जीवन नव्हे, ही १९१५ ची भूमिका. शब्द येण्यापूर्वी आपण कोणीच नव्हतो, हे १९०८ चे विधान. दुसऱ्यातून पहिली निघते. स्वतःच्या शब्दपूर्व आयुष्याला शून्य मानणाऱ्या लेखिकेला दुसऱ्याच्या निःशब्द आयुष्यात शून्याखेरीज काय दिसणार? 'चमत्कारा'ची कथा म्हणूनच निरुपद्रवी नाही. चमत्काराने माणूस झालेली मुलगी असे म्हणताना, ज्यांच्या बाबतीत तो चमत्कार घडला नाही त्यांचे काय, हा प्रश्न आपोआप उभा राहतो. त्याचे उत्तर केलर यांनी १९१५ साली दिले, ते चुकीचे होते. आणि ते चुकीचे होते याचा सर्वांत बळकट पुरावा त्यांच्याच १९०३ च्या पुस्तकात आहे. तो पुरावा म्हणजे पावाला लोणी लावल्याची खूण करणारी मुलगी आणि ती खूण समजणारी मार्था.

७

१९२४ पासून केलर यांनी अमेरिकन फाउंडेशन फॉर द ब्लाइंड या संस्थेसाठी काम केले आणि निधी जमवणाऱ्या व्यक्तीला वादग्रस्त राजकारण जपूनच करावे लागते. त्यांचा सार्वजनिक आवाज पुढे सौम्य झाला. प्रवास मात्र वाढला. १९४८ साली त्या हिरोशिमा आणि नागासाकी येथे गेल्या. १९५५ साली, पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर, त्यांनी आशियाचा मोठा दौरा केला. त्यात त्या भारतात आल्या आणि पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांना भेटल्या. १९७७ साली मुंबईत बधिरांध मुलांसाठी जी शाळा सुरू झाली तिला त्यांचेच नाव देण्यात आले. बधिरांधत्वाचा नामनिर्देश मात्र १९९५ च्या भारतीय अपंग व्यक्ती कायद्यात नव्हता; त्यासाठी २०१६ चा कायदा यावा लागला. व्यक्तीच्या गौरवापुढे तिच्यासारख्या इतरांचा विसर पडतो, याचे हे बोलके उदाहरण आहे. 'दिव्यांग' या गेल्या काही वर्षांत रूढ झालेल्या संज्ञेविषयी अनेक अपंग कार्यकर्त्यांनी घेतलेला आक्षेपही याच जातीचा आहे : दिव्यत्व बहाल केले की हक्क देण्याची निकड उरत नाही.

ज्या वर्षी केलर भारतात आल्या त्याच वर्षी 'टीचर' हे पुस्तक प्रसिद्ध झाले. ॲन सलिव्हन यांचे निधन १९३६ साली झाले होते. त्यांच्याविषयीचे आधीचे हस्तलिखित १९४६ साली घराला लागलेल्या आगीत जळून गेले आणि वृद्धापकाळी केलर यांना ते आठवणीतून पुन्हा लिहावे लागले. या पुस्तकात त्या आपल्या शब्दपूर्व रूपाचा उल्लेख तृतीयपुरुषी करतात आणि त्याला 'फँटम', म्हणजे छायारूप, असे नाव देतात. वरवर पाहता १९०८ मधील नकारच येथे कायम आहे. पण बारकाईने पाहता थोडे अंतर पडलेले दिसते. जे शून्य होते त्याला आता नाव मिळाले आहे. त्याची चिडचीड, त्याचे हट्ट, त्याच्या हालचाली यांची नोंद होते आहे. नाव देणे म्हणजे अस्तित्व मान्य करणे, हे पंपाजवळ शिकलेले सूत्र केलर यांनी साठ-पासष्ट वर्षांनी आपल्याच विसरलेल्या रूपाला लावले, असे म्हणता येईल. ती मुलगी आपणच होतो, असे मात्र त्या अखेरपर्यंत सरळपणे म्हणू शकल्या नाहीत.

हे अपुरेपण केलर यांच्या लेखनाचे महत्त्व कमी करीत नाही. जॉर्जिना क्लीग या दृष्टिहीन लेखिकेने २००६ साली 'ब्लाइंड रेज' या पुस्तकात केलर यांना उद्देशून पत्रे लिहिली. त्यांत राग आहे, संशय आहे आणि शेवटी एक सहोदरभाव आहे. अशा वाचकाला केलर यांचा पुतळा नको असतो, त्यांच्याशी वाद घालता येणे हवे असते. आणि वाद घालता येईल असे पुष्कळ काही या लेखनात आहे. उसने शब्द आपले कसे होतात, ज्याला शब्द मिळाले नाहीत त्याच्याविषयी शब्दवंतांनी काय ठरवावे, आणि ठरवण्याचा अधिकार त्यांना आहे का, हे प्रश्न केलर यांनी कधी जाणून तर कधी नकळत उभे केले. त्यांची उत्तरे शोधताना पंपाच्या धारेपेक्षा त्याच दिवशी घरी परतून फुटलेल्या बाहुलीचे तुकडे चाचपडणाऱ्या मुलीकडे अधिक वेळ पाहावे लागते. तिच्यापाशी तेव्हा शब्द आलेले होते. तुकडे तरीही जुळत नव्हते. आपल्या पहिल्याच पुस्तकात ही गोष्ट लिहून ठेवण्याइतका प्रांजळपणा केलर यांच्यापाशी होता, आणि लेखिका म्हणून त्यांचा विचार करताना आरंभ तेथून व्हायला हवा.